हरकत घ्यायची तर टेप घेऊन

प्रश्न : आमची वाडी भोर तालुक्यात, डोंगराच्या पायथ्याला. वरच्या गटात दगडखाण आणि खडी क्रशर होणार, असं नोटिशीवरून कळलं. क्षेत्र 4.80 हेक्टर. माझं घर तिथून अडीचशे मीटरवर, शाळा दोनशेच्या आतबाहेर. वाडीची पिण्याची विहीरही डोंगराच्या कुशीतच. 'पर्यावरणाचा ऱ्हास होईल' असा अर्ज करून आम्ही 62 सह्या घेतल्यात. एवढं पुरेल का? धाकट्या दिरांनी खाणीच्या भरवशावर डंपरसाठी कर्ज काढलंय. माझ्या सहीवरून घरात अबोला आहे.
– एक वाचक, जि. पुणे

उत्तर : ताई, सह्या राहू द्या, अर्ज नवा लिहा. मी महसुलात 31 वर्षं काढली, शेवटची नऊ मंडळ अधिकारी म्हणून. तुमच्यासारखे अर्ज मी स्वतः फायलीला लावलेत. 'ऱ्हास होईल'चं उत्तर एका ओळीत येतं : 'झाडे लावण्यात येतील.' पण 'शाळेचा व्हरांडा खाणीच्या हद्दीपासून 190 मीटर' असं लिहिलंत, की कुणाला तरी टेप घेऊन वाडीत यावंच लागतं.

तेव्हा आधी अंतरं मोजा. सुरुंग उडताना 300 मीटरच्या आतली माणसं हलवावी किंवा आडोशाला न्यावी लागतात, हे 1961 च्या खाण नियमावलीतच आहे. तुमचं घर, शाळा, दोन्ही त्यात बसतात. सुरुंगाच्या प्रत्येक बाराला पोरं वर्गाबाहेर काढणार कोण, हे अर्जात सरळ विचारा. स्फोट होणार असतील तर वस्तीपासून किमान 200 मीटर अंतर हवं, अशी शिफारस केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने 2020 मध्ये केली होती. तीही नमूद करा.

आता ते 4.80. हा आकडा पाहून मला हसू आलं. पाच हेक्टरपर्यंतच्या एकट्या खाणपट्ट्याला जनसुनावणी लागत नाही, म्हणून अर्ज नेहमी पाचच्या जरा खाली घुटमळतात. पर्यावरण मंजुरी मात्र लहान पट्ट्यालाही लागते, 2012 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालापासून. तेव्हा डोंगराच्या पलीकडच्या अंगाला चक्कर मारून या. तिकडे दुसरी दगडखाण असेल आणि दोन्ही हद्दींमधलं अंतर 500 मीटरपेक्षा कमी भरत असेल, तर क्षेत्रांची बेरीज होते. बेरीज पाचच्या वर गेली की सुनावणीचा मुद्दा उभा राहतो. पलीकडच्या खाणीला 15 जानेवारी 2016 च्या आधीच पर्यावरण मंजुरी मिळालेली असेल, किंवा ती तीन वर्षं बंद असेल, तर मात्र ती धरत नाहीत. माहिती अधिकारात दहा रुपयांत हे कळतं.

आणि खाण सुरू होण्याआधी भिंती बघून ठेवा. एका पंचनाम्याला मी गेलो होतो. म्हातारीच्या घराला छताच्या कोपऱ्यापासून खिडकीपर्यंत तडा. खाणवाल्याचा माणूस म्हणे, जुनाच आहे. मी बॅटरी मारली. शेजारच्या भिंतीतल्या जुन्या तड्याच्या आत चुन्याचे ओघळ होते, कोळ्याचं जाळं होतं. या तड्याच्या कडा धारदार, आत कोरी लाल वीट. मला पटलं, म्हातारीला तर माहीतच होतं. पण आधीचा एकही फोटो नव्हता, आणि कागदावर लिहिलं गेलं 'कारण निश्चित सांगता येत नाही'. ते वाक्य माझ्याच अक्षरातलं आहे.

म्हणून घरोघरी प्रत्येक भिंतीचा फोटो काढा, शेजारी त्या दिवशीचं वर्तमानपत्र धरून. असलेल्या तड्यावर काचेची पट्टी प्लॅस्टरने चिकटवून तारीख घाला. भिंत हलली की काच तडकते. साध्या घरांसाठी हादऱ्याची मर्यादा खाण सुरक्षा महासंचालनालयाने 1997 मध्येच ठरवली आहे : सर्वांत संथ कंपनांना सेकंदाला 5 मिलिमीटर. मोजणीचं यंत्र खाणीच्या ऑफिसजवळ नको, शाळेत बसवा, अशी मागणी करा.

विहिरीचं माप दर पंधरवड्याला दोरी सोडून घ्या आणि ग्रामपंचायत अधिकाऱ्याची (पूर्वीच्या ग्रामसेवकाची) सही घ्या. बेसॉल्टमध्ये, म्हणजे आपल्याकडच्या काळ्या खडकात, पाणी भेगांतून येतं. खाण त्या भेगांच्या खाली उतरली तर झरा तिकडे वळू शकतो.

अर्जाच्या प्रती जिल्हाधिकारी कार्यालयाची खनिकर्म शाखा, तहसीलदार आणि महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ अशा तिन्ही ठिकाणी द्या, पोच घ्या. ग्रामसभेचा ठराव जोडा, त्यातही आकडे हवेत. पर्यावरण मंजुरी निघालीच, तर हरित न्यायाधिकरणाच्या पुण्याच्या पीठाकडे अपिलाला 30 दिवस असतात. सबळ कारण दाखवलं तर आणखी 60 मिळू शकतात, पण त्यावर विसंबू नका.

राहिले दीर. त्यांच्याशी भांडू नका, हप्ता त्यांच्याही डोक्यावर आहे. फक्त कागद-पेन घेऊन बसवा : ताडपत्री बांधून, शाळा भरायची-सुटायची वेळ सोडून, अंधार पडल्यावर बंद, अशा अटीवर दिवसाला किती फेऱ्या होतात, आणि त्यात हप्ता निघतो का. हिशेब त्यांनाच करू द्या.