माशांवरचे एकपेशीय परजीवी: वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

प्रश्न: आमच्या ३० बाय ३० मीटरच्या शेततळ्यात पंगसची बोटुकली (बोटाएवढी पिल्ले) सोडली आहे. सध्या पाणी दोन मीटर आहे. डिसेंबरच्या मध्यापासून माशांच्या अंगावर रव्याच्या कणांसारखे पांढरे ठिपके दिसू लागले. दुकानदाराने दिलेले औषध टाकल्यावर दोन दिवस मर थांबली आणि पाचव्या दिवशी पुन्हा सुरू झाली. औषध बनावट होते का?
(शेततळेधारक, नाशिक जिल्हा)

उत्तर: औषध बनावट असेलच असे नाही. ते एकदाच टाकले, तिथे गणित चुकले. वर्णनावरून हा इक्थिओफ्थिरियस वाटतो. मत्स्यपालक त्याला नुसते ‘इक’ म्हणतात. खात्री मात्र सूक्ष्मदर्शकाखालीच होते. ती कशी करायची ते पुढच्या उत्तरात आहे.

तुम्हाला जो ठिपका दिसतो, ती परजीवीची एकच पेशी असते. ती कातडीच्या वरच्या थराखाली बसून माशाच्या पेशी खात वाढते आणि पूर्ण वाढली की जवळजवळ एक मिलिमीटरची होते. वर कातडीचे पांघरूण असल्यामुळे पाण्यात टाकलेली नेहमीची औषधे तिथवर पोचत नाहीत. वाढ पुरी झाली की ती मासा सोडते, तळाला किंवा तळ्यात अंथरलेल्या प्लास्टिकच्या कागदाला चिकटते, भोवती कवच करते आणि आत विभागत जाते. एका पेशीची काहीशे, कधी हजारापर्यंत पिल्ले होतात. कवच फुटले की ती पोहत मासा शोधतात आणि साधारण दोन दिवसांत मासा मिळाला नाही तर मरतात. औषधाचा मारा चालतो तो फक्त या पोहणाऱ्या पिल्लांवर. तुमच्या औषधाने त्या दिवशी पाण्यात असलेली पिल्ले मेली. कातडीखालची आणि कवचातली शाबूत राहिली आणि पाचव्या दिवशी त्यांची पुढची फळी बाहेर पडली.

म्हणून औषधाचे वेळापत्रक पाण्याच्या तापमानावर ठरवायचे. २५ अंशांना हे चक्र तीन ते सहा दिवसांत पुरे होते, तेव्हा एक दिवसाआड मात्रा द्यावी लागते. १६ अंशांच्या आसपास चक्र रेंगाळते आणि मात्रा चार-पाच दिवसांच्या अंतराने पुरते. १० अंशांवर चक्राला महिन्याहून जास्त लागतो. तापमान सकाळी आणि दुपारी, पाण्यात हातभर खाली मोजा. तुमच्याकडे ते १९-२० अंश भरले तर दर तीन दिवसांनी, किमान चार मात्रा. शेवटचा ठिपका दिसेनासा झाल्यावरही एक मात्रा द्यायचीच.

आता पाणी किती, हे नीट काढा. बहुतेकांची चूक इथेच होते. ३० × ३० × २ म्हणजे १,८०० घनमीटर, असे धरून चालत नाही, कारण बाजू उतरत्या असतात. तीन मीटर खोल तळ्याचा तळ साधारण २४ × २४ मीटर असतो. काठोकाठ भरले तर पाणी २,१९६ घनमीटर होते, आणि दोन मीटर असेल तर १,३५५ घनमीटर. १,८०० धरून औषध टाकले तर मात्रा तिसऱ्या हिश्श्याने जास्त पडते आणि मासे औषधानेच मरतात.

मीठ हा इकवरचा सर्वांत निर्धोक उपाय, पण शेततळ्यात तो जमत नाही. लिटरला ३ ग्रॅम म्हणजे घनमीटरला ३ किलो, तुमच्या तळ्याला चार टनांहून जास्त. वर तेच पाणी ठिबकमधून द्राक्षाला किंवा डाळिंबाला जाणार. मीठ हजार लिटरच्या टाकीसाठी ठेवा.

तळ्यासाठी उरतात फॉर्मॅलिन आणि मोरचूद. फॉर्मॅलिन घनमीटरला १५ मिलिलिटर, म्हणजे तुमच्याकडे सुमारे २० लिटर. पण त्याने पाण्यातला ऑक्सिजन कमी होतो: घनमीटरला ५ मिलिलिटर फॉर्मॅलिन पडले की पुढच्या दीड दिवसात लिटरमागे सुमारे १ मिलिग्रॅम ऑक्सिजन जातो. १५ च्या मात्रेत ३ मिलिग्रॅम गेलेच. म्हणून एरेटर (पाण्यात हवा मिसळणारे यंत्र) नसेल, पाणी गर्द हिरवे असेल किंवा आभाळ भरून आले असेल, तर त्या दिवशी हात लावू नका. सकाळी ऊन चढल्यावर, दहापट पाण्यात मिसळून, तळ्याच्या चारही बाजूंनी शिंपडा आणि पुढच्या दोन्ही रात्री एरेटर बंद करू नका. कॅनच्या तळाशी पांढरा गाळ बसला असेल तर ते फॉर्मॅलिन वापरायचे नाही. तो गाळ माशांना फार विषारी असतो. थंडीत उघड्यावर ठेवलेल्या कॅनमध्ये तो बसू शकतो. हातमोजे आणि चष्मा घाला, वाऱ्याकडे पाठ करून उभे राहा.

मोरचूद स्वस्त पडते, पण आधी पाण्याची अल्कलिनिटी (आम्ल पचवण्याची क्षमता, लिटरमागे मिलिग्रॅममध्ये) मोजायलाच हवी. तिचा आकडा शंभराने भागला की लिटरमागे किती मिलिग्रॅम मोरचूद टाकायचे ते कळते. अल्कलिनिटी १८० असेल तर १.८ मिलिग्रॅम, म्हणजे तुमच्या तळ्याला २.४ किलो. अल्कलिनिटी ५० च्या खाली असेल तर मोरचूद टाकूच नका, मासे मरतील. २५० च्या वर असली तरी अडीच मिलिग्रॅमच्या पुढे जाऊ नका. विरघळवायला प्लास्टिकची बादली घ्या, लोखंडाची नको. मोरचुदाने शेवाळ मरते आणि ते कुजायला लागले की दोन-तीन दिवसांनी पहाटे ऑक्सिजन घसरतो. मासे त्या पहाटे दगावले की लोक इकला दोष देतात. फॉर्मॅलिन आणि मोरचूद एकत्र कधीच नको.

औषधाइतकेच महत्त्वाचे काम म्हणजे मेलेले मासे दिवसातून दोनदा काढून पुरणे. मासा मेला की परजीवी त्याला सोडतात आणि लगेच कवच करून विभागायला लागतात. तरंगत राहिलेल्या प्रत्येक मेलेल्या माशातून तळ्यात नवा भरणा होत राहतो. खाद्य बंद ठेवा, थंडीत पंगस तसाही खात नाही आणि उरलेले खाद्य तळाशी कुजते. मुळात पंगसला खवले नसतात आणि गारठ्यात त्याची प्रतिकारशक्ती मंदावते, तर इकला १५ ते २५ अंश मानवतात. नाशिकच्या थंडीत ही जोडी जुळतेच. पुढच्या वर्षी पंगस ऑक्टोबरअखेर विक्रीला येईल असे नियोजन करा. आमच्या मते कोणत्याही औषधापेक्षा तो उपाय मोठा आहे.

प्रश्न: सूक्ष्मदर्शकाखाली परजीवी ओळखायचा तर नमुना कसा घ्यायचा? आमच्या गटाकडे शाळेतला साधा सूक्ष्मदर्शक आहे.
(मत्स्यशेती गट, सांगली जिल्हा)

उत्तर: साधा पुरतो. ४० पट, १०० पट आणि ४०० पट, एवढी भिंगे असली की काम होते.

मासा जिवंत हवा, कडेला येऊन हवा घेणारा किंवा भिंतीला अंग घासणारा. मरून दोन-तीन तास झालेल्या माशावर काही सापडले नाही तर त्याला अर्थ नसतो, कारण परजीवी तोवर निघून गेलेले असतात. बर्फातला मासा तर नकोच. ओल्या फडक्यात मासा धरा. छातीच्या पराच्या मागे, डोक्याकडून शेपटीकडे, काचपट्टीच्या कडेने एकदाच हलके खरवडा. उलट दिशेने खरवडले तर खवले उपटतात आणि पट्टीवर नुसती खवल्यांची गर्दी होते. पट्टीवर आधी त्याच तळ्यातल्या पाण्याचा एक थेंब ठेवलेला असू द्या. नळाच्या पाण्यातल्या क्लोरीनने परजीवी तिथल्या तिथे मरतात आणि मेलेले ओळखणे फार अवघड. वर कव्हरस्लिप (पातळ काच) ठेवा. दुसरा नमुना कल्ल्याचा: मासा मरायला टेकला असेल तर बारीक कात्रीने कल्ल्याच्या दोन-तीन तंतूंची टोके कापून तशाच थेंबात ठेवा. मग प्रकाश कमी करा. हे जीव पारदर्शक असतात, भगभगीत उजेडात दिसतच नाहीत.

४० पटीत सावकाश गरगरणारा मोठा काळपट गोळा दिसला तर तो इक. १०० पटीत त्याच्या आत घोड्याच्या नालेसारखे केंद्रक दिसले की शंका उरत नाही. बशीसारखा गोल जीव, मध्ये दातेरी कडे आणि अखंड फिरणारा, तो ट्रायकोडिना. पानासारखा चपटा, सरकत जाणारा, कडेला केसांच्या ओळी असलेला, तो कायलोडोनेला. ४०० पटीत घेवड्याच्या दाण्यासारखे अगदी इवले, लुकलुकत हलणारे ठिपके दिसले तर कोस्टिया. हा सर्वांत जास्त निसटतो, म्हणून पट्टीवर किमान पाच मिनिटे घालवा. देठावरच्या घंटा, मध्येच आकसणाऱ्या, पण देठ न आखडणारे, म्हणजे एपिस्टायलिस. तो माशाला खात नाही, नुसता चिकटतो आणि पाण्यातला सेंद्रिय कचरा वाढल्याचे सांगतो. तिथे औषधाआधी खाद्य कमी करा आणि पाणी बदला.

एकदोन ट्रायकोडिना दिसले म्हणून घाबरू नका, निरोगी माशावरही ते असतात. १०० पटीत प्रत्येक दृश्यात डझनाने दिसू लागले की उपचार. तीन ते पाच मासे तपासल्याशिवाय निष्कर्ष काढू नका.

प्रश्न: ट्रायकोडिनालाही इकसारखेच दर तीन दिवसांनी औषध द्यायचे का?
(रोहू-कटला बीज संवर्धक, भंडारा जिल्हा)

उत्तर: नाही. ट्रायकोडिना माशाच्या अंगावर उघडाच राहतो आणि तिथेच दोनाचे चार होतो. मध्ये कवच नाही, त्यामुळे एक चांगली मात्रा बहुधा पुरते. बोटुकलीसाठी लिटरला २० ग्रॅम मिठाचे पाणी करून दोन ते तीन मिनिटे बुडवा. हापात (जाळीच्या पिशवीत) घेऊन बुडवले की मासे उलटे होऊ लागताच पटकन उचलता येतात. एका बादलीत दोन-तीन खेपांनंतर पाणी बदला. आठवड्याने पुन्हा काचपट्टी तपासा. दाटी तशीच असेल तर ट्रायकोडिना परत येणारच. बीज विरळ करणे हा त्यावरचा खरा उपाय.

प्रश्न: कटल्याच्या कल्ल्यांवर बाजरीएवढ्या पांढऱ्या गाठी आहेत. फॉर्मॅलिन, पोटॅशियम परमँगनेट, मीठ, सगळे झाले. गाठी जात नाहीत.
(तलाव ठेकेदार, गोंदिया जिल्हा)

उत्तर: आणि जाणारही नाहीत, म्हणून आणखी पैसे घालू नका. गाठ सुईने फोडून तो द्रव ४०० पटीत पाहा. न हलणारे लंबगोल बीजाणू आणि प्रत्येकाच्या टोकाशी दोन थेंबांसारख्या पिशव्या दिसल्या तर ते मिक्सोबोलससारखे मिक्सोझोआ आहेत. जुन्या पुस्तकांत ते एकपेशीय जीवांत मोडतात. प्रत्यक्षात ते बहुपेशीय आहेत आणि जेलीफिशच्या कुळातले आहेत; २०१५ मध्ये झालेल्या जनुकीय अभ्यासाने ते पक्के केले. गाठीच्या आत असल्यामुळे त्यांना पाण्यातले औषध लागत नाही.

त्यांची साखळी तळ्याच्या गाळातून जाते. ट्राउट माशाच्या गरगर रोगात मिक्सोबोलसला माशाखेरीज दुसरा यजमान म्हणून ट्युबिफेक्स हा गाळातला किडा लागतो, हे १९८४ मध्ये उघड झाले. या गटातल्या अनेक जातींची साखळी अशीच गाळातल्या किड्यांतून जाते. म्हणून उपाय गाळावर करा. मासे काढल्यावर तळे भेगा पडेपर्यंत वाळवा, वरचा गाळ उपसा आणि ओलसर तळावर हेक्टरी किमान १,००० किलो कळीचा चुना पसरा. पूर्ण आटत नसलेल्या तलावात निदान कडेचा गाळ काढा आणि त्या हंगामात गाठी असलेल्या तळ्यातले बीज दुसरीकडे नेऊ नका. आता हाती असलेल्या माशांना ऑक्सिजन कमी पडू देऊ नका, कल्ले आधीच अडलेले आहेत. विरळणी करा आणि विक्रीयोग्य मासे लवकर काढा.

प्रश्न: असे मासे माणसाने खाल्ले तर?
(गृहिणी, पुणे)

उत्तर: इक, ट्रायकोडिना, कोस्टिया यांपैकी एकही माणसाला होत नाही, आणि आपल्याकडे मासा शिजवूनच खातात. कटल्याच्या गाठी कल्ल्यांवर असतात, कल्ले आपण टाकून देतो. काळजी औषधाची घ्यावी. मॅलाकाइट ग्रीन नावाचे हिरवे औषध इकवर झटपट लागू पडते, पण ते माशाच्या मांसात दीर्घकाळ राहते आणि युरोप-अमेरिकेत खाण्याच्या माशांवर त्याला बंदी आहे. ते फक्त शोभेच्या माशांसाठी. गोव्यात २०१८ साली गाजलेला फॉर्मॅलिनचा वाद वेगळा: तो मेलेली मासळी टिकवण्यासाठी रसायन लावल्याच्या आरोपाचा होता, तळ्यातल्या उपचाराचा नव्हता. तरीही उपचार चालू असलेल्या तळ्यातला मासा बाजारात आणू नये.

प्रश्न: घरच्या दोन फुटी टँकमधल्या माशांवर पांढरे ठिपके आले. सगळे पाणी टाकून टँक धुतला, तरी पुन्हा आले.
(विद्यार्थी, ठाणे)

उत्तर: ठिपके माशांच्या कातडीत होते, ते माशांबरोबर परत टँकमध्ये गेले. आता टँक धुऊ नका, फिल्टरमधले उपयोगी जिवाणू उगाच जातात. ६० × ३० × ३८ सेंटिमीटरच्या टँकमध्ये खडी वगळून पाणी साधारण ५५ लिटर असते. १६५ ग्रॅम जाडे मीठ तीन भागांत, दीड दिवसात, विरघळवून घाला. पाणवनस्पती आधी काढून ठेवा, त्यांना मीठ सोसत नाही. हीटरने तापमान दिवसाला दोन अंशांनी वाढवत ३० वर न्या आणि एरेटर जोरात ठेवा, कारण गरम पाण्यात ऑक्सिजन कमी मावतो. रोज पाइपने खडीतला गाळ ओढून पाचवा हिस्सा पाणी बदला. कवचातली पिढी तिथेच असते. जेवढे पाणी काढाल तेवढ्याचे मीठ परत घाला, ११ लिटरला ३३ ग्रॅम. मीठ चालू असताना कोणतेही बाटलीतले औषध घालू नका. शेवटचा ठिपका गेल्यावर दहा दिवस हेच चालू ठेवा आणि मग पाणी बदलत बदलत मीठ उतरवा.

नवा मासा आणला की दोन-तीन आठवडे वेगळ्या बादलीत ठेवा. त्याची जाळी वेगळी असू द्या, किंवा तीच वापरायची तर प्रत्येक वेळी कडक उन्हात खडखडीत वाळवा. कोरडेपणा या परजीवीच्या कोणत्याही अवस्थेला सोसत नाही. शेततळेवाल्यांनी एकमेकांकडून ओढजाळे आणतानाही एवढे केले तरी या गावातला इक त्या गावात जाणार नाही.