टुंड्रावर निघालेल्या बाई

प्रश्न : माझी मामेबहीण अमेरिकेत शाळेत सायन्स शिकवते. ती अलास्कात, पार आर्क्टिकला, शास्त्रज्ञांच्या टीमबरोबर जायला अर्ज करतेय. पण ती काही संशोधक नाही, तिथे ती करणार काय? नुसती फोटो काढायला नेतात का? — एक वाचक, सांगली

उत्तर : ताई, फोटो काढायला वेळ मिळाला तर काढेल हो! हा बहुतेक पोलरट्रेकसारखा कार्यक्रम असावा. पोलरट्रेक २००७ साली सुरू झाला, संशोधनाला पैसे देणाऱ्या तिथल्या सरकारी नॅशनल सायन्स फाउंडेशनच्या पैशावर चालायचा, शाळेतल्या शिक्षकांना काही आठवडे खऱ्या टीमबरोबर फील्डवर पाठवायचे. अलास्कात यातले बरेच जण टूलिक फील्ड स्टेशन या संशोधन केंद्रावर जायचे. ते फेअरबँक्स शहरापासून साधारण ६०० किमी उत्तरेला, डाल्टन हायवेनं, जो मुळात तेलाच्या पाइपलाइनसाठी बांधला.

आता काम काय, तर हमालीच म्हणा ना. टुंड्राची, म्हणजे ध्रुवाकडच्या बिनझाडांच्या प्रदेशाची, जमीन खाली कायम गोठलेली असते, त्याला पर्माफ्रॉस्ट म्हणतात, उन्हाळ्यात फक्त वरचा थर वितळतो. तो किती वितळला हे बघायला लोखंडी सळई जमिनीत खुपसायची, गोठलेल्या थराला टक्क लागली की सेंटिमीटर वाचायचे, कुणीतरी वहीत लिहायचे, पुढच्या खुणेवर जायचं, परत खुपसायची. दिवसभर हेच. ऐकायला फालतू वाटतं पण ध्रुवाकडच्या या गोठलेल्या मातीत सुमारे १,५०० अब्ज टन कार्बन अडकलाय, हवेत आहे त्याच्या जवळपास दुप्पट, आणि माती वितळली की त्यातले जिवाणू जागे होऊन त्याचा कार्बन डायऑक्साइड नि मिथेन करतात. म्हणून ती सळई. याला पीएचडी लागत नाही, चिकाटी लागते, आणि सातवीचा वर्ग सांभाळणाऱ्या बाईंकडे ती शास्त्रज्ञांपेक्षा जास्तच असते असं माझं मत.

शिवाय रोज डायरी लिहून वर्गातल्या मुलांना पाठवायची, त्यांच्या प्रश्नांना उत्तरं द्यायची, परत आल्यावर धडे तयार करायचे. मुलांना पुस्तकात निष्कर्ष तेवढा छापलेला दिसतो, त्यामागची ही कंटाळवाणी मोजामोज त्यांना बाईच दाखवू शकतात, म्हणून मला असे कार्यक्रम आवडतात.

प्रश्न : थंडी सहन होईल का तिला?

उत्तर : थंडीचं जाऊ द्या, डास बघा! उन्हाळ्यात स्वेटरवर भागतं बऱ्याच दिवशी (जुलैत बर्फही पडू शकतो ते वेगळं), पण डोक्यावर जाळी घेतल्याशिवाय काही खरं नाही. गवताच्या गुठळ्यांवरून चालताना पाय मुरगळतो, गमबूट हवेत. जूनमध्ये सूर्य मावळतच नाही, तेव्हा डोळ्यांवर पट्टी न्या. आणि सांडपाणी टँकरनं बाहेर न्यावं लागतं म्हणून अंघोळ आठवड्यातून दोनदा, तीही दोन मिनिटांची. हे तिला आधी सांगा, मग बघा अर्ज करते का!

प्रश्न : आपल्याकडच्या शिक्षकांनी काय करायचं?

उत्तर : पोलरट्रेक अमेरिकेतल्या शिक्षकांसाठी होता. भारताचं हिमाद्री हे संशोधन केंद्र २००८ पासून स्वालबार्डला आहे, नॉर्वेच्या बेटांवर, आणि त्याचं काम बघणारी राष्ट्रीय संस्था आपल्या गोव्यात, वास्कोला. तिथे प्रस्ताव जातात ते मुख्यतः विद्यापीठं नि संशोधन संस्थांकडून. पण शाळेची सहल गोव्याला जाणारच असेल तर बीचचा प्लॅन करायच्या आधी वास्कोला एक फोन करून मुलांना आत बघता येईल का, ते विचारा की!