सहा वर्षांच्या मुलाला घेऊन, घरातल्या वडीलधाऱ्यांसोबत बसून पाहता येतील असे चित्रपट आणि व्हिडिओ कसे निवडावेत? सेन्सॉर बोर्डाचे ‘यू’, म्हणजे सर्वांनी पाहण्याजोगे, असे प्रमाणपत्र पाहिले की पुरे होते का?

पुरे होत नाही. त्याहून फसवा असा आणखी एक शिक्का आपल्या घरांत चालतो, तो म्हणजे ‘देवाधर्माचे आहे’. या शिक्क्यावरून माझे आणि थोरल्या भावाचे सात वर्षांपूर्वी जे बिनसले ते अजून पुरते मिटलेले नाही, त्यामुळे हे उत्तर लांबणार आहे.

मी चाकणला नोकरी करतो आणि घर अंबाजोगाईला आहे. त्या काळात तीन-तीन आठवड्यांनी घरी येणे होई. त्या वर्षी गणेश चतुर्थीला सुट्टी मिळाली नाही, म्हणून महालक्ष्म्यांच्या आदल्या रात्री ट्रॅव्हल्सने निघालो आणि पहाटे साडेपाचला घरी पोहोचलो. पाच वर्षांची मुलगी दारात उभी होती. अंगात झोपेचा फ्रॉक आणि गळ्यात शाळेचे ओळखपत्र. काही न बोलता तिने ते दोन्ही हातांनी माझ्यासमोर धरले. नवा फोटो दाखवते आहे असे समजून मी हसलो आणि तिला कडेवर घेऊन आत गेलो.

संध्याकाळी महालक्ष्म्या घरात आणायच्या होत्या. मुखवट्यांपुढे ताट वाजवत चालण्याचा मान आमच्या घरी तिचा. वहिनींनी हाक मारली, ती आत आली, आणि साड्या नेसवून तयार ठेवलेल्या, मुखवटे अजून न बसवलेल्या त्या दोन कोठ्या, म्हणजे महालक्ष्म्यांची नुसती धडे, पाहताच किंचाळून पळाली. अर्ध्या तासाने ती परसातल्या पाण्याच्या टाकीमागे सापडली. ताट त्या वर्षी पुतण्याने वाजवले.

रात्री माझ्या कुशीत शिरून तिने विचारले, “पप्पा, तुम्ही मला लगेच ओळखलं का?” तेव्हा कुठे उलगडा झाला. चतुर्थीला बायका मोदकांत गुंतलेल्या असताना पोरांनी गोंधळ करू नये म्हणून दादाने त्यांच्या हाती मोबाइल देऊन गणेशजन्माचा कार्टून व्हिडिओ लावून दिला होता. बरेच दिवस बाहेर असलेला बाप घरी येतो आणि दारात उभे असलेले आपलेच लेकरू त्याला ओळखू येत नाही. पुढचे सांगायला नको. तिने तीन दिवस विचार करून त्यावर ओळखपत्राचा उपाय शोधून काढला होता.

मी दादाला बोललो, जरा जास्तच बोललो. त्याचे उत्तर ठरलेले होते. “देवाधर्माचंच लावलं होतं ना? काय वंगाळ दाखवलं का मी?” आणि त्याचे म्हणणे एका परीने खरेही होते. त्यात शिवी नव्हती, दारू नव्हती, चारचौघांत मान खाली घालावी असे काही नव्हते. मात्र आपल्याकडे ‘कौटुंबिक’ म्हणजे एवढेच समजले जाते. वडीलधाऱ्यांसमोर अवघडल्यासारखे होईल की नाही, ही मोठ्यांची अडचण आहे. मुलाला कशाची भीती वाटेल, हा प्रश्न त्यात कोणी विचारातच घेत नाही. कोणाचा बाप चाकणला असतो, हे कोणत्याही प्रमाणपत्रावर लिहिलेले नसते.

हीच गोष्ट आमच्या आईने नातीला अनेकदा सांगितली होती. पण आई शिर उडवण्याचे एका दमात उरकते आणि हत्तीपाशी रेंगाळते. ऐकणारे मूल स्वतःला पेलेल एवढेच चित्र मनात काढते. व्हिडिओ ते चित्र आधीच काढून, वर नगारे वाजवून, डोळ्यांपुढे धरतो.

आता तुमच्या प्रश्नाचे थोडक्यात. १९८३ पासून असलेल्या ‘यूए’ वर्गाचे, म्हणजे लहान मुलांनी पालकांच्या मार्गदर्शनाखाली पाहायच्या चित्रपटांच्या वर्गाचे, सिनेमॅटोग्राफ कायद्यातील २०२३ च्या दुरुस्तीनंतर, ७+, १३+ आणि १६+ असे तीन भाग झाले आहेत. ही पालकांना दिलेली सूचना असते; तिकीटबारीवर तुम्हाला त्यासाठी कोणी अडवत नाही. सहा वर्षांच्या मुलासाठी पुढचे दोन सोडून द्या आणि ७+ असेल तर आधी एकट्याने पाहा. ओटीटीवरची वयोमर्यादा २०२१ च्या नियमांनुसार त्या कंपन्या स्वतःच ठरवतात. १३+ पासून वरच्या मजकुराला कुलूप लावण्याची सोय त्यांनी देणे बंधनकारक आहे, पण ते लावायचे काम तुमचे. यूट्यूबवर कोणीही टाकलेला व्हिडिओ कोणतेही मंडळ पाहत नाही आणि दादाचा व्हिडिओ त्याच जातीचा होता. यूट्यूब किड्समध्ये केवळ आपण मंजूर केलेलेच व्हिडिओ दिसतील अशी सोय आहे. मी तीच वापरली, आणि एकामागून एक व्हिडिओ आपोआप सुरू होणे बंद ठेवले. निवडताना आपल्या घरात सध्या काय चालले आहे तेही पाहा. ज्या घरातून नुकतीच बैलजोडी विकली गेली आहे, तिथे जनावराच्या ताटातुटीचा कितीही गोड चित्रपट त्या महिन्यात लावू नये.

सगळीच मुले अशी नसतात, हेही सांगितले पाहिजे. सात वर्षांच्या पुतण्याने तोच व्हिडिओ पाहून दुसरा मोदक मागितला होता. माझी मुलगीही दिवाळीपर्यंत ओळखपत्र विसरली आणि आता बारा वर्षांची होऊन पुराणकथा आवडीने वाचते. पौराणिक काही दाखवूच नये, असे माझे म्हणणे नाही.

दादाचा हुकमी युक्तिवाद मात्र आजही १९८७ चा असतो. आपण गुरुजींच्या घरी रविवारी सकाळी दूरदर्शनवर ‘रामायण’ पाहत होतो, त्यात मुंडकी उडत नव्हती का, आपले काय बिघडले? दादा तेव्हा बारा वर्षांचा होता आणि मी सहा-सात. आठवड्याला एक भाग, सारी गल्ली एका खोलीत आणि शेजारी आजी, एवढे सगळे असूनही कुंभकर्ण मारला गेला त्या रात्री मी अंथरूण ओले केले होते. दादाला ते चांगले ठाऊक आहे, कारण आम्ही एकाच वाकळेत झोपत होतो.