पिकअपच्या मागच्या सीटवर लेकरू: आधी पट्टा बघा, मग चाइल्ड सीट घ्या

गाडी आणि लहान मुलं या विषयावर बरीच पत्रं आलीत. त्यातली डबल केबिन पिकअपवाल्यांची या वेळी एकत्र घेतेय, कारण कारबद्दल जे सगळीकडे लिहिलेलं असतं ते पिकअपला जसंच्या तसं लागू पडत नाही, आणि ठाणे-नवी मुंबईत धंद्याची गाडी हीच घरची गाडी असलेली कुटुंबं खूप आहेत.

प्रश्न: ताई, आम्ही ऐरोलीला राहतो, मंडप डेकोरेशनचा धंदा आहे, त्यासाठी डबल केबिन पिकअप घेतलीय, घरची गाडीपण तीच. मुलगा अडीच वर्षांचा, वजन १२ किलो. माळशेजमार्गे जुन्नरला गावी जाणं होतं. इतके दिवस आई त्याला मांडीवर घेऊन मागे बसायची. आता चाइल्ड सीट आणली, दुकानदार म्हणाला कुठल्याही गाडीत बसते, पण आमच्या मागच्या सीटवर ती वळणावर कलंडते. पुढच्या सीटवर मात्र घट्ट बसते. मग पुढेच लावू का? आई तर म्हणते मांडीवरच बरं, पोरगं रडत तरी नाही.

उत्तर: पुढे अजिबात नको. चाइल्ड सीट मागे तोंड करून लावलेली असेल आणि समोर चालू एअरबॅग असेल तर ती बॅग उघडताना थेट त्या सीटच्या पाठीवर, म्हणजे बाळाच्या डोक्यामागेच आदळते. आणि पुढे तोंड करून बसलेल्या मुलालाही धोका असतोच, कारण ती बॅग मोठ्या माणसाच्या हिशोबाने बनवलेली असते. डिसेंबर २०२४ मध्ये तुमच्या जवळच वाशीत काय झालं आठवत असेल, पुढच्या एसयूव्हीला अपघात झाला, तिचा मागचा भाग मागून येणाऱ्या कारच्या बॉनेटवर आपटला, कारची एअरबॅग उघडली आणि पुढच्या सीटवर बसलेला सहा वर्षांचा मुलगा गेला. हायवे नाही, घाट नाही, शहरातला रस्ता. म्हणून मूल मागे, यात तडजोड नाही.

आता आईंचं. त्यांची माया खोटी नाही, पण हातात तेवढी ताकद कुणाच्याच नसते. हिशोब करून बघा, गाडी ५० च्या स्पीडला असताना काहीतरी समोर आलं आणि ती अर्ध्या मीटरच्या आत थांबली, तर १२ किलोचं पोरगं त्या क्षणी साधारण २३५ किलोच्या जोराने पुढे फेकलं जातं, एवढं वजन पैलवानालाही धरून ठेवता येणार नाही. काही जण आजी आणि नातू दोघांना मिळून एकच पट्टा लावतात, ते तर अजून वाईट, कारण मग आजीचं सगळं वजन मुलाला पट्ट्यावर चेपतं. आईंना हे शांतपणे समजावून सांगा आणि त्यांना सीटच्या शेजारीच बसवा, पोराचा हात धरायला, गाणी म्हणायला. त्यांनीपण पट्टा लावायचा.

मग सीट कलंडते का ते बघू. पिकअपची मागची सीट कारसारखी नसते. पाठ जवळजवळ सरळ उभी, बसायची गादी आखूड, आणि बऱ्याच गाड्यांत ती गादी वर उचलली जाते, खाली जॅक, टॉमी, पाने ठेवायला. त्यामुळे चाइल्ड सीटचा तळ पुढून लोंबकळतो. थोडा बाहेर चालतो, पण किती चालतो ते चाइल्ड सीटच्या पुस्तिकेत दिलेलं असतं, अंदाजाने ठरवू नका. गादीची खोली टेपने मोजा, तोच टेप घेऊन दुकानात जा, आणि दुकानदाराला सांगा की गाडीत लावून दाखव मगच पैसे देतो. गाडीचा हेडरेस्ट चाइल्ड सीटला पुढे ढकलत असेल आणि मागे फट राहत असेल तर दोन्ही पुस्तिका बघून तो काढता येतो का पाहा.

दुसरं कारण पट्ट्याच्या बकलचं, आणि हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं कारण ते पटकन लक्षात येत नाही. काही पिकअपमध्ये बकल लांब दांडीवर असतं. पट्टा चाइल्ड सीटच्या खाचेतून ओवून लावला की ते बकल नेमकं खाचेच्या कडेवर येऊन टेकतं आणि वाकतं, मग तुम्ही कितीही ओढा पट्टा पूर्ण आवळला जातच नाही आणि वळण आलं की सीट डुलते. बोटाने चाचपून बघा, खाचेच्या कडेला पट्ट्याचं कापड लागलं पाहिजे, बकल नाही. बकल लागत असेल तर दुसऱ्या बाजूला लावून बघा, नाहीतर सीटचं मॉडेल बदला. दांडीला गाठ मारणं, खाली लाकडाचा तुकडा सारणं, दोरीने बांधणं असले प्रकार कृपा करून करू नका.

लावायची रीत अशी. आपल्याकडच्या गाड्यांचे पट्टे बहुतेक नुसता झटका बसल्यावरच लॉक होणारे असतात, एरवी सैल सुटतात, म्हणून चाइल्ड सीटला स्वतःचा लॉक-क्लिप, म्हणजे पट्टा सैल होऊ न देणारा चिमटा असेल तर तो वापरावाच लागतो. पट्टा न पिळता ओवा, बकल लावा, मग चाइल्ड सीटमध्ये गुडघा रोवून सगळं वजन टाका आणि खांद्याकडचा पट्टा ओढत ढील काढून घ्या, त्याच वेळी क्लिप बंद करा. आता जिथून पट्टा जातो तिथेच सीट धरून हलवा, एक इंचापेक्षा जास्त सरकायला नको. वरचं टोक हलवून बघू नका, ते थोडं हलतंच.

गाडीत आयसोफिक्सचे हूक, म्हणजे पट्ट्याशिवाय चाइल्ड सीट थेट अडकवायचे सीटच्या फटीतले हूक असतील तर आणखी सोपं, पण पुढे तोंड करून लावताना पुस्तिकेत वरचा पट्टा, म्हणजे टॉप टेदर लावा असं असेल तर तो लावायचाच, नाहीतर डोकं खूप पुढे जातं. पिकअपमध्ये त्याची जागा कारसारखी डिकीत नसते, बरेचदा सीटची पाठ पुढे पाडली की केबिनच्या मागच्या पत्र्यावर सापडते. गाडीच्या पुस्तिकेतलं चित्र बघूनच तो लावा, सीटची पाठ ओढायच्या पट्टीला किंवा माल बांधायच्या कुठल्याही हुकाला अडकवू नका, ते त्या झटक्यासाठी बनवलेले नसतात.

तुमचा मुलगा १२ किलोचा आहे, म्हणजे आर ४४ या जुन्या युरोपियन नियमाच्या बऱ्याच सीट १३ किलोपर्यंत मागे तोंड करून लावता येतात, त्यात तो अजून बसतो, आणि काही सीटमध्ये १८ किलोपर्यंतही चालतं. लहान मुलाचं डोकं शरीराच्या मानाने जड असतं आणि मान कच्ची, मागे तोंड असलं की झटका सगळ्या पाठीवर वाटला जातो, म्हणून जमेल तितके दिवस तसंच ठेवा. केबिन आखूड असल्यामुळे पुढची सीट थोडी पुढे घ्यावी लागेल, म्हणून ड्रायव्हरच्या मागे न लावता डाव्या बाजूला लावा, चढवता-उतरवतानाही मूल रस्त्याकडे येत नाही. पाय दुमडले जातात म्हणून घाबरू नका, मुलं मस्त मांडी घालून बसतात.

सीट घेताना नारिंगी लेबल बघा, गोलात इंग्रजी ई अक्षर आणि आर ४४/०४ किंवा आर १२९ (हा नवा नियम) लिहिलेलं असतं. वापरलेली सीट कुणाकडून घेत असाल तर अपघातातली नाही याची खात्री असलेल्या माणसाकडूनच.

प्रश्न: माझी मुलगी सात वर्षांची आहे, उंची ११८ सेंटीमीटर. आम्ही कासारवडवलीला राहतो, शाळेत सोडायला तिच्या आजोबांची पिकअप असते. मागचा पट्टा तिच्या गळ्याला घासतो म्हणून ती तो काखेतून घेते. असं चालतं का?

उत्तर: नाही चालत, काखेतून घेतलेला पट्टा नसल्यासारखाच, उलट झटक्याला तो बरगड्यांवर बसतो. आणि खालचा पट्टा या वयात मांड्यांवर न राहता पोटावर सरकतो, तिथे हाड नाही, आतडी आहेत. पट्टा मोठ्या माणसाच्या मापाचा आहे, मुलीला तेवढं उंच बसवायचं, त्यासाठी बूस्टर. साधारण १४५ सेंटीमीटर उंची होईपर्यंत तो लागतो, म्हणजे दहा-बारा वर्षांपर्यंतही लागू शकतो, पोरं मोठी झालो म्हणून कुरकुर करतात पण ते ऐकायचं नाही.

पिकअपसाठी पाठ असलेलाच बूस्टर घ्या असं मी म्हणेन. नुसत्या गादीवाल्या बूस्टरला मागे गाडीचा हेडरेस्ट लागतो, निदान कानांच्या वरपर्यंत येणारा, आणि पिकअपच्या मागच्या सीटला बरेचदा तो एकतर नसतो किंवा ठेंगणा असतो. मागे लगेच काच असते, हे विसरू नका. पाठवाल्या बूस्टरला खांद्याजवळ पट्टा ओवायला खाच असते, त्यातून घेतला की तो गळ्यावर न येता खांद्याच्या मधोमध येतो.

एक अट मात्र आहे, बूस्टर फक्त खांद्यावरून आणि कमरेवरून जाणाऱ्या तीन टोकांच्या पट्ट्याबरोबरच. मधल्या जागेवर नुसता कमरेचा पट्टा असेल तर तिथे बूस्टर ठेवायचा नाही. आणि मुलगी बूस्टरवर नसतानासुद्धा तो रिकामा बूस्टर पट्ट्याने बांधून ठेवा, नाहीतर ब्रेक मारला की तोच उडून कुणाला तरी लागतो. हेच केबिनमध्ये पडलेल्या बाकी सगळ्या वस्तूंना लागू, ड्रिल मशीन, पाने, पाण्याचे वीस लिटरचे जार, रंगाचे डबे, ज्या सीटवर मूल बसतं तिथून हे सगळं हलवा आणि हौद्यात बांधून ठेवा.

पावसाळ्यात रेनकोट काढूनच पट्टा लावा, पट्टा ओला झाला तरी चालेल, रेनकोटवरून लावून सैल राहिलेला चालणार नाही. मे महिन्यात उन्हात उभ्या गाडीत बकलचं लोखंड चटका देतं, वर ओला नॅपकिन टाकून ठेवला तरी पुरे.

प्रश्न: आमची पिकअप जुनी आहे, मागे पट्टेच नाहीत. तुर्भ्याला एपीएमसीत भाजी घ्यायला जाताना दोन्ही मुलं मागे बसतात, कधी हौद्यात गोण्यांवर. अंतर थोडंच आहे, घणसोलीहून. ओढणीने बांधलं तर? आणि पोलीस पकडतात का?

उत्तर: हौद्यात एक मिनिटपण नको. हौद्यात धरायला काही नसतं, पाटे कडक असतात, रिकामी पिकअप खड्ड्यात उडते, आणि ठाणे-बेलापूर रोडवर मागून येणारा ट्रेलर ब्रेक मारून किती अंतरात थांबतो ते तुम्ही रोज बघताच. फाळका कितीही घट्ट असला तरी तो माल सांभाळायला असतो.

ओढणी, दोरी, साखळी, काहीच चालत नाही. तुम्ही मार्केटमध्ये जाल तेवढा वेळ मुलांना शेजाऱ्यांकडे ठेवा किंवा बसने जा, मागे पट्टे नसलेल्या गाडीत मुलं नेऊ नयेत हेच माझं प्रामाणिक मत आहे, आणि मला माहितीये की हे सांगणं सोपं आणि पाळणं अवघड आहे.

पट्टे बसवून घ्यायचे असतील तर गाडीच्या कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला आधी विचारा की तुमच्या बॉडीत पट्ट्यासाठी जागा दिलेल्या आहेत का. बऱ्याच गाड्यांत त्या असतात, नुसत्या झाकलेल्या असतात. पट्ट्याचा बोल्ट वेगळा येतो, साधारणतः ७/१६ इंचाचा आणि पत्र्यामागे मजबुती दिलेली असते. रस्त्यावरच्या गॅरेजवाल्याने पत्र्याला भोक पाडून साधा नट-बोल्ट मारला तर झटक्याला तो पत्रा फाटून बाहेर येतो, मग पट्टा असून नसल्यासारखा. मागची सीट आडवी, बाजूला तोंड करून असलेली असेल, तर तिथे चाइल्ड सीट लावू नका.

पोलिसांबद्दल विचारलंत म्हणून सांगते. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यात कलम १९४ ब आहे, १४ वर्षांखालचं मूल पट्ट्याने किंवा चाइल्ड सीटने बांधलेलं नसेल तर १००० रुपये दंड, आणि तो मोठ्यांच्या पट्ट्याच्या दंडापेक्षा वेगळा. १००० रुपयांचं काही नाही हो, पण मुलांचं काय.

प्रश्न: घोडबंदरला गायमुखच्या जाममध्ये अडकलो की चार वर्षांचा मुलगा पट्ट्यातून हात काढतो आणि उभा राहतो. रागावलं की रडतो. काय करू?

उत्तर: बहुतेक चाइल्ड सीटचा पट्टा सैल आहे. खांद्याजवळचं कापड चिमटीत धरून बघा, घडी पडत असेल तर अजून आवळा, घडी पडायला नको. पुढे तोंड असताना पट्टा खांद्याच्या पातळीवर किंवा थोडा वरून यायला हवा, मूल वाढलं की उंची बदलावी लागते आणि तेच राहून जातं. तरीही काढत असेल तर गाडी जिथे जागा मिळेल तिथे बाजूला घ्या आणि पट्टा पुन्हा लागल्याशिवाय हलवू नका, रागावू नका, समजूतही घालत बसू नका, फक्त गाडी हलत नाही एवढं त्याला दिसू दे. जाममध्ये गाडी उभी आहे म्हणून सूट देऊ नका, मागून कुणी ठोकलं तर त्याच वेळी तो उभा असतो. मागच्या दाराचं चाइल्ड लॉक चालू आहे ना ते पण बघा, आणि त्याला खायला चणे-शेंगदाणे, कडक गोळ्या देऊ नका, धक्क्यात घशात अडकतात.