सात-आठ ब्लॉगवर सेम माहिती आहे, मग खरी का नाही?

प्रश्न : मी एमए इतिहासच्या पहिल्या वर्षाला आहे, सिंहगडावर प्रोजेक्ट करतेय. तानाजी मालुसरे पडले तेव्हा, म्हणजे 1670 ला कोंढाण्याचं नाव सिंहगड झालं असं सात-आठ ब्लॉगवर सेम दिलंय, पण मॅडम म्हणतात ब्लॉगचा संदर्भ मुळीच चालणार नाही. कॉलेजच्या लायब्ररीत तर धड काही मिळत नाही, मग करायचं काय?
– एक वाचक, सातारा

उत्तर : अगं, सगळीकडे सेम आहे हेच तर खटकतंय. त्यातलं एखादं वाक्य, शक्यतो टायपिंगची चूक असलेलं, जसंच्या तसं अवतरण चिन्हात टाकून सर्च कर, बऱ्याचदा सगळी पिल्लं एकाच कोंबडीची निघतात. मग ते आठ साक्षीदार नाहीत, एकच.

आता तुझाच मुद्दा घे. शिवाजी महाराजांचं 1663 चं एक पत्र छापलेलं आहे, त्यात सिंहगड हेच नाव आहे, म्हणजे तानाजी पडायच्या सात वर्षं आधी. एवढ्या एका पत्रापुढे तुझे सगळे ब्लॉग आडवे. घोरपडीला दोर बांधून कडा चढल्याच्या गोष्टीचंही तसंच, ती पोवाड्यातली, सभासदाच्या बखरीत, म्हणजे महाराजांच्या जुन्या चरित्रात, मावळे वानरासारखे कडा चढले एवढंच आहे, आणि बखरसुद्धा वीस-पंचवीस वर्षांनी लिहिलेली, तेव्हा तिच्यावरही डोळे झाकून विश्वास नको.

पण मॅडमचं 'मुळीच नाही' मला काही पटत नाही. काही हौशी मंडळी मोडी शिकलेली असतात, पत्राचा फोटो टाकतात, खाली ओळीओळीने वाचन देतात, कुठल्या खंडात कितव्या पानावर ते सांगतात, कोणी चूक दाखवली तर दुरुस्ती केल्याची नोंदही ठेवतात. असा ब्लॉग चकचकीत कव्हरच्या कितीतरी पुस्तकांपेक्षा बरा (त्यात संदर्भसूची शोधून दाखवा मला!). फक्त तिथेच थांबू नकोस, त्याने दिलेलं पान स्वतः उघड आणि संदर्भ त्या पानाचा दे. पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ आहे, जुनी बरीच साधनं आर्काइव्ह डॉट ऑर्गवर स्कॅन केलेली आहेत, त्यामुळे लायब्ररीची सबब फार चालणार नाही हं.

एखाद्या ट्रेकरने सिंहगडाच्या कल्याण दरवाजाची वाट आज कशी आहे ते फोटोसकट लिहिलं असेल तर तिथे साक्षीदार तोच, बिनधास्त संदर्भ दे, पण पान कधी पाहिलंस ती तारीख टाक, लोक पोस्ट गुपचूप बदलतात. आणि 'इतिहासकार सांगतात' म्हणून एकाही इतिहासकाराचं नाव न देणारा भेटला की सरळ टॅब बंद कर.