लग्नपत्रिका, हयातीचा दाखला आणि व्हिडिओवरचे साहेब

प्रश्न : वडिलांना (वय ७४) ओळखीच्याच नंबरावरून व्हॉट्सअ‍ॅपवर लग्नपत्रिका आली. उघडली, पण काही दिसलं नाही. रात्री खात्यातून तीनदा पैसे गेले. ओटीपी कुणालाही सांगितलेला नाही. आता काय करायचं? – सांगली

उत्तर : ती पत्रिका नव्हती, अ‍ॅप होतं. फाइलच्या नावाच्या शेवटी ‘एपीके’ दिसेल. खरी पत्रिका फोटो किंवा पीडीएफ असते आणि उघडताना ‘इन्स्टॉल करू का’ असं विचारत नाही. ओळखीच्या माणसाकडून आली, कारण बहुधा त्याचा फोन आधीच चोरांच्या तावडीत सापडलेला होता. असं अ‍ॅप एसएमएस वाचायची परवानगी मागतं आणि ती मिळाली की ओटीपी परस्पर पुढे धाडतं. वडील खरं बोलताहेत. त्यांच्यावर ओरडू नका, नाहीतर पुढच्या वेळी ते सांगणारच नाहीत.

त्या फोनवर आधी एरोप्लेन मोड लावा आणि वायफायही बंद झालंय ना, ते बघा. मग दुसऱ्या फोनवरून १९३० (सायबर फसवणुकीची राष्ट्रीय हेल्पलाइन) लावा. हातात चार गोष्टी ठेवा : खाते क्रमांक, प्रत्येक व्यवहाराची रक्कम, वेळ आणि संदर्भ क्रमांक (यूपीआयचा बारा आकडी असतो). घाई एवढ्यासाठी, की पैसे एका खात्यातून दुसऱ्यात, तिथून तिसऱ्यात सरकत असतात. जिथे सापडतील तिथे बँक ते गोठवू शकते; एटीएममधून काढलेली रोकड गोठवता येत नाही. तक्रारीचा क्रमांक लिहून घ्या आणि राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवरची तक्रार पूर्ण करा. त्याच बैठकीत बँकेच्या हेल्पलाइनवरून कार्ड, यूपीआय, नेट बँकिंग बंद करून घ्या.

सिम काढून दुसऱ्या फोनमध्ये घाला आणि ##००२# डायल करा. चोरांनी कॉल दुसऱ्या नंबरवर वळवले असतील (कॉल फॉरवर्डिंग), तर ते त्याने रद्द होतं. नाही झालं तर सिम कंपनीला सांगून फॉरवर्डिंग रद्द करून घ्या. जुन्या फोनवरचं अ‍ॅप लगेच उडवू नका. आधी त्याचा, त्या चॅटचा आणि फाइलच्या नावाचा दुसऱ्या फोनने फोटो काढा, मग फोन फॅक्टरी रीसेट करा.

आता बँकेचा अर्ज. ‘फसवणूक झाली, पैसे परत मिळावेत’ एवढंच लिहिलं तर ‘ओटीपी तुम्हीच दिला असणार’ असं उत्तर यायची शक्यता मोठी. त्यापेक्षा ‘हे तीन व्यवहार मी केलेले नाहीत, ओटीपी कुणालाही सांगितलेला नाही’ असं स्पष्ट लिहा आणि पोच घ्या. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकानुसार चूक ग्राहकाची नसेल आणि तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं असेल, तर ग्राहकावर भार नाही. चूक त्याची होती हे सिद्ध करायची जबाबदारी बँकेची. चूक ग्राहकाची ठरली, तरी कळवल्यानंतर होणारं नुकसान बँकेचं. एपीके उघडणं ही ग्राहकाची चूक, असं बँक म्हणेल. वाद तिथेच होतो. तीस दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे (बँकांविरुद्धच्या तक्रारी ऐकणारा अधिकारी) जा.

प्रश्न : ‘हयातीचा दाखला अपडेट करतो, ओटीपी सांगा’ असा आईला फोन आला. त्याला पीपीओ (पेन्शनच्या आदेशाचा) नंबरसुद्धा माहीत होता! – नाशिक

उत्तर : पीपीओ नंबर, निवृत्तीची तारीख, पत्ता हे सगळं सांगणारा माणूस खरा असतोच असं नाही. ही माहिती बाहेर पोचलेली असते. फोनवर ओटीपी घेऊन दाखला होत नाही. चेहरा ओळखणाऱ्या अ‍ॅपमध्ये ओटीपी येतो खरा, पण तो स्वतःच्या फोनमध्ये टाकायचा असतो, कुणाला वाचून दाखवायचा नसतो. आईंना फिरणं जमत नसेल तर पोस्टमन घरी येऊन बोटाच्या ठशावर किंवा चेहऱ्यावर दाखला करून देतो.

प्रश्न : काका एकटे राहतात. ‘डिजिटल अरेस्ट’पासून त्यांना कसं वाचवायचं? – बदलापूर

उत्तर : पोलीस किंवा अधिकारी असल्याचं भासवून व्हिडिओ कॉलवर ‘तुम्हाला अटक झाली’ म्हणत पैसे उकळणं म्हणजे ‘डिजिटल अरेस्ट’. आपल्या कायद्यात व्हिडिओ कॉलवरची अटक नाही, हे त्यांना ठाऊक असेलही. तरी माणसं सापडतात, कारण ‘कॅमेरा बंद करायचा नाही, कुणाला सांगायचं नाही’ या दमात ती अडकतात. म्हणून आत्ताच ठरवा : असा फोन आला की काकांनी तो कापायचा आणि तुम्हाला लावायचा. समोरचा ‘पुतण्याला सांगाल तर त्यालाही आत घेऊ’ म्हणेल, हेही आधीच सांगून ठेवा.

दुसरा बंदोबस्त बँकेत. असे पैसे बहुतेकदा ठेवी मोडूनच जातात. मोबाइलवरून ठेव मोडायची सोय बंद करता येते का ते शाखेत विचारा, आणि ऑनलाइन पैसे पाठवण्याची रोजची मर्यादा दहा-पंधरा हजारांवर आणा. मोठी ठेव ‘दोघांपैकी कुणीही’ ऐवजी ‘दोघांच्या सहीने’ ठेवली, तर एकट्याला मोडता येत नाही. मात्र एक सहीदार गेल्यावर वारसांचे कागद लागू शकतात. नामनिर्देशन बघूनच हे करा.