वाचकांचे प्रश्न : रोज हादरणाऱ्या जमिनीवर राहताना

पालघर जिल्ह्यातल्या डहाणू-तलासरी पट्ट्यात नोव्हेंबर 2018 पासून धक्क्यांची मालिका सुरू झाली. एक मोठा भूकंप आणि मग त्याचे ओसरते धक्के, असे इथे झाले नाही. लहान-मध्यम धक्के महिनोन्महिने येत राहिले. त्या निमित्ताने आलेल्या पत्रांतले हे काही प्रश्न.

लहान लहान धक्क्यांतून जमिनीतला जोर निघून जातो, म्हणून मोठा येत नाही, असे गावात सगळे सांगतात. खरे आहे का? (धुंदलवाडी)

नाही. रिश्टरचा आकडा एकाने वाढला की बाहेर पडणारी ऊर्जा साधारण 32 पट होते, दोनाने वाढला की हजार पट. म्हणजे 6 च्या एका भूकंपाइतका जोर काढायला 4 चे हजार धक्के लागतील. तुम्हाला रोज जाणवतात ते बहुतेक 2 ते 3 चे. त्यांची गणती करायलाच नको.

मोठा आता येणारच, ही उलटी भीतीही तितकीच निराधार. अशा बहुतेक मालिका मोठा भूकंप न होताच विरतात. पण 'बहुतेक' या शब्दावर छप्पर तोलता येत नाही. किल्लारीत 1992 मध्ये धक्के बसले, मग ते थंडावले आणि 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे 3.56 ला काय झाले ते महाराष्ट्राला माहीत आहे. मालिका कुठल्या वळणाने जाईल हे आधी सांगणारे शास्त्र आज नाही. 'आज रात्री अमुक वाजता मोठा धक्का' असा निरोप फोनवर आला तर तो पुढे न पाठवता पुसून टाका.

आधी 'धडाम' आवाज येतो, मग हलते. हे स्फोट तर नाहीत? (तलासरी)

भूकंपाची पहिली लहर वेगवान असते पण फार हलवत नाही. खरे हलवते ती मागून येणारी दुसरी. भूकंप उथळ असला की पहिली लहर जमिनीतून हवेत शिरते आणि सुरुंगासारखा आवाज होतो. आवाज आणि हलणे यांमध्ये जितके सेकंद जातील त्यांना 8 ने गुणा, तितके किलोमीटर केंद्र दूर. तुमच्याकडे हे अंतर जेमतेम एक सेकंद असते, कारण केंद्र जवळपास पायाखालीच आहे. म्हणूनच फोनवरचा भूकंप-इशारा तुमच्या फारसा कामाचा नाही, तो येईपर्यंत भांडी खाली पडलेली असतात.

वीटबांधणीचे घर, वर मंगलोरी कौले. भिंतींना भेगा पडल्यात. कुठल्या भेगेला घाबरायचे? (डहाणू तालुका)

आधी ठोकून बघा. पोकळ आवाज आला तर गिलावा सुटला आहे, भिंतीचे नंतर बघू. गिलाव्यावर केसाएवढ्या, जाळीसारख्या पसरलेल्या भेगा सहसा गिलावा सुकतानाच पडतात. खिडकी-दाराच्या कोपऱ्यातून तिरकी चढलेली भेग मात्र भिंतीची असते आणि दोन तिरक्या भेगांची फुली झाली असेल तर ती भिंत दुबळी झाली आहे. सगळ्यांत वाईट ती कोपऱ्यातली उभी भेग. तिचा अर्थ दोन भिंतींनी एकमेकींचा हात सोडलाय. पुढच्या धक्क्यात त्यांतली एक बाहेर कलंडते.

रुंदी मोजायला एटीएम कार्ड पुरते, ते साधारण पाऊण मिलिमीटर जाड असते. एक कार्ड शिरले तर लक्ष ठेवा. चार कार्डे एकत्र शिरली तर त्या भिंतीशेजारी झोपणे आजपासून बंद, आणि अभियंत्याला बोलवा. भेग वाढतेय का हे कळण्यासाठी तिच्यावर आडवा प्लास्टर ऑफ पॅरिसचा पातळ पट्टा लावून तारीख लिहा. रंग खरवडल्याशिवाय लावू नका. रंगावर लावलेला पट्टा नुसता सुटून येतो, तडकत नाही, आणि भेग वाढली तरी आपण निर्धास्त राहतो.

उपाय आहे आणि तो नव्या घरापेक्षा पुष्कळ स्वस्त आहे : खिडक्या-दारांच्या वर चारी भिंतींना वेल्डमेशचा (तारा जोडून केलेल्या लोखंडी जाळीचा) पट्टा. त्या उंचीवर आतून-बाहेरून सुमारे 300 मिलिमीटर रुंद गिलावा काढा, विटांमधले सांधे 12 ते 15 मिलिमीटर खोल कोरा, धुऊन घ्या. जाळी लांब खिळ्यांनी विटांच्या सांध्यांत ठोका आणि एकास तीन सिमेंट-वाळूचे दोन थर द्या, प्रत्येकी सुमारे 15 मिलिमीटर. चौदा दिवस पाणी मारा. काम बिघडते ते दोनच ठिकाणी. गवंडी जुन्या गिलाव्यावरच जाळी ठोकतो, ती गिलाव्यासकट निघते. किंवा कोपऱ्यावर जाळी कापतो, आणि तिची गरज तर नेमकी तिथेच असते. जाळी कोपऱ्यावरून वळवून पुढच्या भिंतीवर किमान 300 मिलिमीटर न्या. कंबरपट्टा एका जागी तुटला की तो कंबरपट्टा उरत नाही.

छपराखालची विटांची त्रिकोणी भिंत आधी पडते. ती उतरवून तिथे पत्रा किंवा कारवीचा कुड घाला. वारली घरांचा शेणामातीने लिंपलेला कुड भूकंपात हलतो, लिंपण झडते, पण माणूस चिरडत नाही. त्याला मागासलेला समजून त्या जागी मातीच्या सांध्यांत विटा रचणे हा खरा आतबट्ट्याचा व्यवहार. कौले रिपांना तारेने बांधा, निदान झोपण्याच्या जागेवरची तरी.

तिसऱ्या मजल्यावर राहतो. धक्का बसला की जिना गाठावा का? (डहाणू शहर)

जिना गाठू नका. हलणे दहा-वीस सेकंदांत संपते, तेवढ्यात तुम्ही फार तर जिन्याच्या मध्यावर असाल. भक्कम टेबलाखाली बसा, एका हाताने टेबलाचा पाय धरा, दुसरा हात मानेवर. बैठ्या घरात दार दोन पावलांवर असेल तर बाहेर पडणे ठीक, पण धावून नव्हे. 1 फेब्रुवारी 2019 च्या धक्क्यात याच भागात एक चिमुरडी बाहेर पळताना पडून दगावली.

लोखंडी कपाट भिंतीला वरच्या बाजूने दोन एल-अँगलनी बांधा. स्क्रू विटेत किंवा काँक्रीटमध्ये 50 मिलिमीटर तरी जायला हवा, आणि त्यात गिलाव्याची जाडी धरायची नाही. सिलिंडरचा रेग्युलेटर रात्री बंद ठेवा. वास आला तर बटणाला हात न लावता दार उघडा, हा गॅस हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगत साचतो.

तंबूत झोपतो. काय बघावे? (तलासरी)

भिंतीपासून तिच्या उंचीच्या दीडपट दूर. आत चूल किंवा शेगडी पेटवू नका. साप-विंचवासाठी खाट आणि खोचलेली मच्छरदाणी.

आम्ही कॅलिफोर्नियात, सॅन रमोनला. इथेही आठवडेच्या आठवडे छोटे धक्के येतात. घर लाकडी आहे. (सॅन रमोन)

तुमचे शहर कॅलव्हेरस प्रस्तरभंगाच्या (जमिनीखालच्या खडकांतल्या मोठ्या भेगेच्या) उत्तर टोकाशी आहे. ऑक्टोबर 2015 मध्येही तिथे अशी लांब मालिका चालली होती आणि मोठ्या भूकंपाविना संपली. लाकडी चौकट लवचीक असते, तुम्हाला धोका पाणी तापवायच्या गॅसच्या टाकीचा, ती कलंडली तर गॅसची नळी तुटते. तिला वरच्या आणि खालच्या तिसऱ्या भागात असे दोन धातूचे पट्टे हवेत, खालचा पट्टा नियंत्रक खटक्याच्या किमान 4 इंच वर. गॅसची झडप पाव फेरा फिरवली, नळीला आडवी झाली, की बंद. पण वास किंवा सूं आवाज असेल तरच बंद करा, कारण एकदा बंद केलेली झडप गॅस कंपनीच्या माणसानेच उघडायची असते.

धक्का नसतानाही हलल्यासारखे वाटते. झोप उडते. (डहाणू)

मालिकेत राहणाऱ्यांना हा अनुभव अगदी सर्रास येतो, कानातला तोल सांभाळणारा भाग सतत सावध राहतो. उशाशी काचेच्या पेल्यात अर्धे पाणी ठेवा, त्यात कुंकवाची चिमूट टाका म्हणजे मंद दिव्यातही पातळी दिसेल. हलल्यासारखे वाटले की आधी पेल्याकडे बघा. पाणी स्थिर असेल तर कूस बदला.